जिन्याच्या वळणावरची चप्पल

डॉक्टरताईंना नमस्कार.

मी इचलकरंजीचा, वय ७१. यंत्रमाग कारखान्यात जॉबर होतो, अडतीस वर्षं त्यात गेली. बिडी विशीपासून आहे. पूर्वी दिवसाला बंडल लागायचं, आता पाच-सहावर आणलंय. दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तपासताना डॉक्टरांना छातीत काही आवाज आला, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला लावली. महाधमनीची झडप अरुंद झालीय म्हणाले. रिपोर्टातले आकडे उतरवून देतो. झडपेचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर, वेग सेकंदाला ४.४ मीटर, सरासरी ग्रेडियंट ४६, ईएफ ६० टक्के. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिलीय. अजून गेलो नाही, कारण मला त्रास काही नाही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, रोज चढ-उतार करतो. मधल्या वळणावर चप्पल नीट करायला जरा थांबतो, बाकी काही नाही.

झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. जावई फ्रँकफर्टला असतो. त्यानं तिकडची एक बातमी पाठवली, मुलीनं ती फोनवर मराठीत सांगितली. म्हातारपणी पुरुषांच्या रक्तातलं वाय गुणसूत्र निघून जातं, आणि ज्यांचं गेलंय ते झडप बदलल्यावरही लवकर दगावतात, असं त्यात होतं. म्हणजे पुरुषपणच रक्तातून जातं का? माझं गेलंय का हे बघायची तपासणी कुठं होते? मला दोन मुलगे आणि एक नातू आहे, त्यांना हे जाणार का? आणि तसं असेल तर ऑपरेशन करून उपयोग काय? एका मित्रानं ताकदीच्या गोळ्या आणून दिल्यात, त्या घ्याव्यात का? जेवणानंतर मी चुना लावून पान खातो, तो चुनाच झडपेवर बसला असं बायकोचं म्हणणं आहे. तिनं माझं दूधही बंद केलंय. चैत्रात जोतिबाला जायचंय, दरवर्षी डोंगर चालत चढतो. नाव छापू नका.

— एक वाचक, इचलकरंजी

काका,

मी पन्नाशीतली आहे, म्हणून काका म्हणते. तुमचं पत्र तीनदा वाचलं. वाय गुणसूत्रावर तुम्ही अर्धं पान लिहिलंय आणि चपलेवर एक ओळ. माझं लक्ष त्या एका ओळीवर अडकलं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी त्या वळणावर थांबते.

चप्पल रोज त्याच वळणावर का सुटते, काका? चढताना सुटते, उतरताना सुटत नाही, असंच ना? दोन वर्षांपूर्वी सुटत होती का? हे मी तुम्हाला खोटं पाडायला विचारत नाही. माणूस दम लागतो म्हणून थांबतो आणि थांबायला काहीतरी निमित्त शोधतो, आणि ते निमित्त पुढं त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागतं. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांच्या घरी देवघर माडीवर होतं. वर्षभर ते खालच्या खोलीत तसबिरीपुढं पूजा करत होते, "गुडघ्यांना वर जाववत नाही" म्हणून. गुडघे ठीक होते. एका सकाळी बादली उचलताना चक्कर येऊन पडले, तेव्हा झडप सापडली. त्यांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, त्रास काही नाही.

आता तुमचे आकडे. हृदयातून शरीराकडे रक्त ज्या दारातून जातं त्या दाराला तीन पातळ पाळ्या असतात. निरोगी माणसात ते दार उघडलं की ३ ते ४ चौरस सेंटिमीटर मोकळं होतं. तुमचं ०.८ होतंय. १ च्या खाली गेलं की आम्ही त्याला तीव्र म्हणतो. रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला की तीव्र, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे दाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक, ४० च्या वर गेला की तीव्र. तुमचे तिन्ही आकडे त्या रेषेपलीकडे आहेत, आणि तिन्ही एकमेकांशी जुळतात, म्हणजे मोजण्यात चूक असण्याची शक्यता कमी. ईएफ म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा, आणि तुमचा ६० टक्के ही चांगली बातमी आहे. हृदयाचा स्नायू अजून थकलेला नाही, तो जोर लावून अरुंद दारातून रक्त ढकलतोय. त्या जोराची किंमत तुम्ही जिन्यावर मोजताय.

या आजाराची तीन लक्षणं आम्हाला विद्यार्थीदशेतच घोकायला लावतात. श्रमानं धाप लागणं, श्रमानं छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, आणि चक्कर किंवा भोवळ. तीव्र आजारात यातलं एक जरी सुरू झालं आणि झडप तशीच राहिली, तर पुढचं आयुष्य सरासरीनं दोन ते पाच वर्षं उरतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६८ मध्येच मांडून ठेवलं. लक्षणं सुरू व्हायच्या आधीची वर्षं शांत जातात आणि नंतर उतार भराभर लागतो. तुम्ही कुठं आहात ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. माझ्या अंदाजानं तुम्ही त्या उताराच्या तोंडाशी आहात. म्हणून ती चिठ्ठी घेऊन याच आठवड्यात जा. पुढच्या महिन्यावर टाकू नका, यात्रा झाल्यावर तर नकोच.

आता वाय.

तुम्ही जॉबर होता, म्हणून तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेते. साध्या मागावर बीममधला उभा धागा तुटला तरी माग थांबत नाही. कुणाचं लक्ष जाईपर्यंत तो खटखट चालूच राहतो आणि कापडात त्या जागी बारीक रेघ पडत जाते. कापड होतं, विकलंही जातं, पण रेघ असते. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात रक्ताचा असाच कारखाना आहे. तिथं दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी विणल्या जातात, पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्यांच्या मूळ पेशी आयुष्यभर दुभंगत राहतात. प्रत्येक वेळी ४६ गुणसूत्रांची, म्हणजे वारशाच्या सूचना साठवणाऱ्या धाग्यांची, नक्कल काढून दोन्ही बाजूंना सारखी वाटायची असते. वाय हे त्यातलं अगदी लहान, फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र. वाटणीत कधी ते मागं राहतं आणि एक पेशी वायशिवाय निघते. ती मरत नाही. तिच्यापासून पुढं निघणाऱ्या सगळ्या पेशीही वायशिवायच्या. वर्षं जातात तशी ही रेघ रुंदावते.

हे डॉक्टरांना १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. म्हाताऱ्या पुरुषांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं, आणि केस पांढरे होतात तसं समजून सोडून दिलं जायचं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लार्स फोर्सबर्ग आणि यान डुमान्स्की यांच्या गटानं दाखवलं की ज्या वयस्कर पुरुषांच्या रक्तात अशा पेशी जास्त, त्यांचं आयुष्य सरासरीनं कमी भरतं आणि त्यांच्यात कॅन्सरही जास्त आढळतो. तिथून सगळ्यांचे कान टवकारले. मग ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. चाळीस ते सत्तर वयाच्या त्या सगळ्यांत पाचांत एकाच्या रक्तात वाय गेलेल्या पेशी सापडल्या. सत्तरीला पोचलेल्यांत हे प्रमाण दहांत चार होतं. तुमच्या कट्ट्यावर संध्याकाळी दहाजण बसत असतील, तर त्यातल्या चौघांचं असंच असणार, आणि त्यातल्या बहुतेकांना ते कधी कळणारही नाही. हा पुरुषांमधला आयुष्यात घडणारा सगळ्यात नेहमीचा जनुकीय बदल आहे.

तुमच्या जावयानं पाठवलेली बातमी मला ओळखता आली. फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी महाधमनीची झडप कॅथेटरनं, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीनं, बदललेल्या ३६२ पुरुषांचं रक्त तपासलं आणि पुढं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२३ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी १७ टक्क्यांहून जास्त पेशींतून वाय गेलेलं होतं, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत मृत्यू जास्त झाले. कारणाचा माग आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका कामातून लागतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उंदरांच्या हाडांच्या मगजातल्या पेशींमधून मुद्दाम वाय काढून टाकलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूत हळूहळू जून व्रणासारखे तंतू भरत गेले. पांढऱ्या पेशींपैकी काही हृदयात जाऊन साफसफाईचं काम करतात. वाय गेलेल्या पेशी तिथं साफसफाई सोडून तंतू वाढवायचा इशारा जास्त देतात. हृदय ताठर होतं. तो इशारा औषधानं अडवला तेव्हा उंदरांची तब्येत सुधारली. पण ते उंदीर होते. माणसासाठी असं औषध आज दुकानात नाही.

फ्रँकफर्टच्याच लोकांनी त्याआधी, २०२० मध्ये, अशाच रुग्णांच्या रक्तात दुसरे दोन बदल शोधले होते. डीएनएमटी-३ए आणि टीईटी-२ नावाच्या जनुकांमधले. हे बायकांमध्येही होतात. तिथंही बदल असलेल्यांचं पुढचं आयुष्य कमी दिसलं. म्हणजे म्हातारपणी रक्ताच्या कारखान्यात पडणाऱ्या रेघा आणि हृदय यांचा संबंध आहे, एवढं आता बऱ्यापैकी पक्कं होत चाललंय. हे काम महत्त्वाचं आहे आणि मी ते आवडीनं वाचते. उद्या कदाचित यातूनच कुणाला लवकर सांभाळायचं ते कळेल.

पण त्या बातमीतून तुम्ही जे उचललंत ते तिच्यात नाहीच. ते ३६२ जण झडप बदललेले होते. त्यांची तुलना एकमेकांशी झाली, झडप न बदललेल्यांशी नाही. "वाय गेलंय, मग ऑपरेशन कशाला" हा अर्थ त्यातून निघत नाही. अरुंद दार तसंच ठेवलं तर रक्तात वाय असो की नसो, स्नायूवरचा भार तोच. माझ्या मनाला तर उलटंच पटतं. ज्याचं हृदय ताठर व्हायची भीती जास्त, त्यानं स्नायू थकायच्या आत दार मोकळं करून घ्यावं. हे माझं मत आहे, नियम म्हणून सांगत नाही.

आणि पुरुषपण. या प्रश्नासाठी तुम्ही किती रात्री जागलात ते पत्रातल्या अक्षरावरून कळतं, तिथं पेन दाबून धरलंय. नीट ऐका. वाय गुणसूत्रातलं जे जनुक मुलगा घडवतं, ते आपलं मुख्य काम आईच्या पोटात, गर्भ दीड-दोन महिन्यांचा असताना करतं. वृषणं तिथं तयार होतात आणि पुढं संप्रेरक बनवायचं काम ती वृषणं करतात. रक्ताच्या पांढऱ्या पेशींचा त्यात काही हात नाही. त्यांच्यातून वाय गेलं तर दाढी, आवाज, ताकद, इच्छा यातलं काहीही त्यामुळं कमी होत नाही. काकूंच्या रक्तात जन्मापासून वाय नाही आणि त्यांचं रक्त तुमच्याइतकंच चांगलं काम करतं. तुमच्या वाय गेलेल्या पेशींची गोष्ट एवढीच की त्या वाय असताना घडल्या आणि नंतर त्यांचं ते हरवलं, म्हणून त्यांचं वागणं थोडं बदलतं. त्याचा मर्दानगीशी संबंध जोडणारे निरोप फोनवर येतील, ते मिटवून टाका.

थकवा येतो, अंगात जोर वाटत नाही, हे खरं असेल. त्याचं कारण झडप असू शकतं. म्हणून मित्रानं दिलेल्या गोळ्यांबद्दल जरा कडक बोलते. त्या घेऊ नका, आणि परत देण्यापेक्षा फेकून द्या, म्हणजे दुसरं कुणी घेणार नाही. पुरुषांच्या ताकदीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्यांमध्ये पुष्कळदा सिल्डेनाफिलसारखं औषध न सांगता मिसळलेलं असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं. तुमच्या हृदयाला अरुंद दारातून एका मापापेक्षा जास्त रक्त बाहेर टाकता येत नाही. बाहेरच्या वाहिन्या एकदम सैल झाल्या तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस जागच्या जागी पडतो. छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी घेणंही याच कारणानं तुम्हाला धोक्याचं आहे. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

तपासणीचं म्हणाल तर वाय गेलंय का ते मोजता येतं. पण आज ते संशोधनाचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी कधी ऑपरेशन करायचं, कोणती झडप घालायची, कोणती औषधं द्यायची, यातलं काहीही त्या आकड्यावर ठरत नाही. जगातल्या कुठल्याही झडपेच्या उपचार-नियमावलीत ती तपासणी नाही. समजा तुम्ही पैसे भरून केलीत आणि "२५ टक्के गेलंय" असा कागद आला. काय कराल? पुन्हा रात्रभर जागाल. तुमचं वाय गेलंय की नाही मला ठाऊक नाही. ७१ वर्षं वय आणि पन्नास वर्षांची बिडी बघता गेलेलं असायची शक्यता बरीच आहे. तरीही मी तपासायला सांगणार नाही.

बिडीवर मात्र थांबायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीत तुमच्या हातात असलेला एकच धागा तो आहे. उप्सालाच्याच गटानं २०१५ मध्ये दाखवलं की धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या रक्तात वाय गेलेल्या पेशी न करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि जितकं जास्त ओढणं तितकं हे जास्त. सोडून दिलेल्यांचं रक्त मात्र कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास आलेलं होतं. म्हाताऱ्या शरीरातला जनुकीय बदल असा मागं सरकल्याचं फार कमी वेळा दिसतं. मला तो निकाल वाचून खरंच आनंद झाला होता. बिडी ही सिगरेटच आहे, पानात गुंडाळलेली, धूर तोच. बंडलावरून पाच-सहावर आलात, म्हणजे अवघड भाग तुम्ही केलाय. उरलेल्या पाच-सहा ऑपरेशनची तारीख ठरायच्या आत सोडा. भूल देणारे डॉक्टर तुमच्या फुप्फुसांकडे बघून सुटकेचा सुस्कारा सोडतील तो वेगळाच फायदा. एकट्यानं जमत नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात विचारा, निकोटीनच्या गोळ्या मिळतात. त्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगून घ्या.

आता काकूंचा चुना. त्यांनी जोडलेला संबंध अगदी वेडगळ नाही, कारण झडपेवर बसतं ते चुन्यातलंच कॅल्शियम असतं. मी निवासी डॉक्टर असताना पहिल्यांदा अशी काढलेली झडप ट्रेमध्ये पाहिली. निरोगी पाळी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ. ही शेंगेच्या टरफलासारखी झाली होती, आणि तिच्यावर पिवळट पांढरे खडे. चिमट्यानं ठोकल्यावर ट्रेमध्ये टक् असा आवाज आला. हृदय दिवसाला लाखभर वेळा ते टरफल उघडायचा प्रयत्न करत होतं.

पण हे खडे पानातल्या चुन्यातून किंवा दुधातून आलेले नसतात. वर्षानुवर्षं रक्ताचा मार खाऊन पाळीला बारीक इजा होते, तिथं चरबी शिरते, सूज येते, पांढऱ्या पेशी जमतात, आणि शेवटी पाळीतल्याच पेशी हाडासारखं वागायला लागतात. रक्तात कॅल्शियम नेहमीइतकंच असतं, बिघाड पाळीत असतो. म्हणून दूध, नाचणी, ताक जेवणात असू द्या. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कुणी सांगितल्याशिवाय स्वतःहून घेऊ नका. पान सोडलंत तर तोंडासाठी बरंच, झडपेचा त्याच्याशी संबंध नाही. पुरुषांच्या झडपेवर हे खडे बायकांपेक्षा जास्त साचतात, इतके की सीटी स्कॅनवर कॅल्शियम मोजताना तीव्र आजाराची रेषा पुरुषांसाठी २,००० एकक आणि बायकांसाठी १,२०० एकक अशी वेगळी धरावी लागते.

हे खडे विरघळवणारं औषध नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं ते थांबतील अशी आशा होती. २००८ मध्ये संपलेल्या एका मोठ्या चाचणीत १,८७३ रुग्णांवर ते पाहिलं, झडप अरुंद व्हायची थांबली नाही. म्हणून कुणी काढा, भस्म, चाटण देऊन झडप मोकळी करतो म्हणाला तर त्यात महिने घालवू नका. आणि तुमच्या गल्लीत कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर ती वेगळी गोष्ट. ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांची. तुमच्या त्या नळ्याही बघतील, पण मुख्य दुखणं दाराचं आहे.

दार बदलायचे दोन रस्ते आहेत. एक छाती उघडून. दुसरा मांडीच्या रक्तवाहिनीतून घडी घातलेली झडप वर नेऊन जुन्या झडपेतच उघडायची. हा दुसरा प्रकार पहिल्यांदा फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी केला. तेव्हा पुष्कळ हृदयशल्यचिकित्सकांना ते अशक्य वाटत होतं. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ते नेहमी होतं. तुमच्या वयाला दोन्ही रस्ते खुले असतात. धमन्यांची रुंदी, झडपेचा आकार, बाकीचे आजार आणि खर्च बघून डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील. मांडीतून घालायची झडप बरीच महाग पडते. छाती उघडून घालायच्या झडपेत धातूची आणि जनावराच्या ऊतीची असे प्रकार आहेत. धातूची घातली तर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी जन्मभर. सत्तरीनंतर बहुधा ऊतीची सुचवतात. ती दहा-पंधरा वर्षं टिकते.

पैशाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. झडप बदलण्याची नेहमीची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. तुम्ही सत्तरी ओलांडलीय, म्हणजे आयुष्मान वयवंदना कार्डही काढता येतं. ते २०२४ मध्ये सुरू झालं, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मांडीतून घालायची झडप त्यात कितपत बसते ते रुग्णालयातच विचारा.

गुडघ्याचं ऑपरेशन आता थांबवा. झडपेचा निकाल लागल्याशिवाय ते करायला कुणी घाई केली तर इको रिपोर्ट पुढं ठेवा. दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या. किडलेला, पू झालेला दात तोंडात ठेवून नवी झडप घालत नाहीत, तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. आणि जोतिबा. यंदा डोंगर चालत चढू नका, काका. गाडीनं वर जाऊन लांबून सासनकाठ्या बघायलाही डॉक्टरांना विचारूनच जा, चैत्रातलं ऊन आणि गर्दी दोन्ही तुमच्यासाठी वाईट. पुढच्या चैत्रात नवी झडप घेऊन चढाल, ते मला आवडेल.

राहिले मुलगे आणि नातू. रक्तातलं वाय तुमच्या उतारवयात, तुमच्या हाडांच्या मगजात गेलं असेल. मुलांना तुम्ही जे वाय दिलंत ते त्यांच्या जन्माआधी दिलंत आणि ते पूर्ण आहे, त्यांच्याकडून नातवालाही पूर्णच गेलंय. याचा वारसा नाही. झडपेचा वारसा मात्र काही घरांत असतो. शंभरातल्या एक-दोन माणसांना जन्मतःच तीनऐवजी दोनच पाळ्या असतात, पुरुषांत ते जास्त, आणि अशी झडप लवकर खराब होते. तुमच्या रिपोर्टात पाळ्या किती याचा उल्लेख तुम्ही उतरवला नाहीत. डॉक्टरांना विचारा. दोन निघाल्या तर तुमच्या भावंडांनी आणि तिन्ही मुलांनी एकदा इको करून घ्यावी. फ्रँकफर्टच्या मुलीनंही.

जाताना काकूंना सोबत न्या. डॉक्टर "जिना चढताना काही होतं का" असं विचारतील. तेव्हा तुम्ही बोलू नका, काकूंना बोलू द्या. त्या वळणावर तुमच्या मागून पिशवी घेऊन त्याच चढतात ना?